खाड्याची वही

पाडवा जवळ आला की जिवतीच्या बाजारात अजून कानावर येतं, "यंदा साल कुणाकडं धरलं?" सालगड्याचं वर्ष पाडव्याला फिरतं. उचल किती, जवारी किती, कपड्याचे जोड किती, सगळं तोंडी. लिहून ठेवतात ते फक्त खाडे, आणि ती वही मालकाच्या फडताळात.

आमच्या घरची वही मी लिहिलेली आहे. बाप मराठवाड्यात दुसऱ्याकडं सालानं राहायचा. बहात्तरच्या दुष्काळात गाव सुटलं आणि आमचं बिऱ्हाड इथं माणिकगडच्या डोंगरावर आलं. पाच एकरांत कापूस झाला, बैलजोडी आली, तसा बापानंही सालगडी ठेवला. कोलाम आदिवासी. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. बापाला लिहिता येत नव्हतं. मामा कामावर आला नाही की तो कुडावर कोळशानं रेघ ओढायचा. एकदा सणाला मायनं कूड सारवला, रेघा गेल्या आणि काम माझ्याकडं आलं. मी चौथीत, अक्षर बरं. मामाची लेक तापानं फणफणली त्या आठवड्यात सहा खाडे पडले. बाप म्हणाला, "नऊ मांड." एका खाड्याला दीड दिवस कापायचा, ही रीत तो गावाकडून घेऊन आला होता. मी नऊ मांडले.

ही गोष्ट 1981 सालची. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 मध्येच झाला होता, वेठीचं कर्ज त्यानं रद्दच ठरवलं होतं. त्याआधी हा मुलूख निजामाचा. तिथं कर्जापायी बांधल्या गेलेल्या गड्याला भगेला म्हणत. त्यावरही नियम झाला होता. आमच्या कुडाला दोन्हींची खबर नव्हती.

पुढं कधीतरी अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांबद्दल वाचताना पुन्हा वहीच समोर आली. थॉमस अ‍ॅफ्लेक नावाच्या गृहस्थानं 1840 च्या दशकात मळेवाल्यांसाठी चक्क छापील हिशेबवही काढली होती. एका तक्त्यात कोणत्या गुलामानं कोणत्या दिवशी किती कापूस वेचला. दुसऱ्यात त्या माणसाची वर्षाच्या सुरुवातीची आणि शेवटची किंमत. गुराढोरांचे तक्ते वेगळे. संध्याकाळी वजन कमी भरलं तर चाबूक. मामाची किंमत माझ्या वहीत नव्हती, त्याच्या लेकीला कुणी विकू शकत नव्हतं. पाडव्याला तो दुसरं दार धरू शकत होता, अर्थात उचल फिटली तर. हा फरक मोठा आहे, तो मी पुसणार नाही.

मला टोचतं ते वेगळंच. 1860 मध्ये अमेरिकेतल्या गुलामगिरी असलेल्या राज्यांत गुलाम होते चाळीस लाखांच्या आसपास. पण गोऱ्या कुटुंबांपैकी साधारण चौथाईकडंच ते होते. बाकीच्यांत आमच्यासारखे थोडक्या जमिनीवाले खंडीभर. तरी पळालेल्या गुलामाला हुडकायला रात्री गस्तीवर तेही जात, आणि पुढं यादवी युद्धात मेलेही. 1862 साली वीस गुलामांच्या मळ्यामागं एका गोऱ्याला सक्तीच्या सैन्यभरतीतून सूट मिळाली. गरिबानं कुरकुर केली, पण बरेच जण लढत राहिले, त्याचं एक कारण हेही, की आपल्या खाली कुणीतरी आहे हे सुख सोडवत नव्हतं. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले, ती मला पुस्तकाच्या आधी बापाच्या चेहऱ्यावर दिसली होती. पाच एकरांचा पट्टा आजही आमच्या नावावर नाही, कागदावर ते जंगल आहे. मालक मात्र बाप पक्का.

म्हणून यंदाच्या पाडव्याला दोन वह्या करा. एक गड्याच्या घरी राहू द्या. उचलीची नोंद ग्रामपंचायतीत होऊ द्या, खाड्याला एकाच दिवसाची मजुरी कापा, आजारपणाचा खाडा धरूच नका. शेजारी म्हणतात, गडी शेफारतील, आणि कापसाला भाव कुठाय? भाव नाही हे मलाही दिसतं, मीही कापूसच विकतो. पण व्यापाऱ्यानं मारलेलं गड्याच्या तापातून वसूल करायचं, हा कुठला हिशेब?

"बांधावरचं मोहाचं झाड माझ्या आज्यानं राखलेलं," असं मामा एकदाच बोलला होता, वेचणीचं गाठोडं डोक्यावरून उतरवताना. बाप ऐकत होता. तो काही बोलला नाही. मी वही मिटली आणि फडताळात ठेवून आलो.