मेसेनिया : तीनशे वर्षं जपलेली बोली

नकाशावर बोट ठेवायचं आणि तिथली गोष्ट सांगायची, हा या सदराचा शिरस्ता. यंदा बोट ठेवूया ग्रीसच्या नैर्ऋत्य टोकावर, मेसेनिया प्रांतावर. नाव अनोळखी वाटेल, पण दुकानात मिळणारी ती जांभळट-काळी 'कालामाता' ऑलिव्ह इथल्याच कालामाता शहराच्या नावाची.

आधी भूगोल. पेलोपोनीज द्वीपकल्पाची तीन बोटं दक्षिणेला समुद्रात शिरलेली दिसतात. त्यातलं पश्चिमेचं बोट आणि त्यावरचा भाग म्हणजे मेसेनिया. पूर्वेला तायगेटोसची डोंगररांग. तिचं सर्वोच्च शिखर सुमारे २,४०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. मधून पामिसोस नदी वाहते. तिच्या खालच्या मैदानाला ग्रीक लोक 'माकारिया', म्हणजे धन्य भूमी, म्हणत. खडकाळ ग्रीसमध्ये अशी सुपीक जमीन दुर्मीळ, आणि हीच सुबत्ता मेसेनियाच्या मुळावर आली.

कारण डोंगरापलीकडे होतं स्पार्टा. इ.स.पू. आठव्या शतकात, वीस वर्षं चाललेल्या युद्धानंतर स्पार्टाने हा मुलूख जिंकला. इथले लोक 'हेलॉट' झाले : आपल्याच शेतात राबायचं आणि अर्धं पीक मालकाच्या घरी पोचवायचं. मी शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा मुलांना स्पार्टाच्या शौर्याचं भारी आकर्षण असे. मग मी विचारायचे, "हे सगळे दिवसभर कवायत करतात, तर यांच्या ताटातलं धान्य पिकवतं कोण?" वर्ग क्षणभर गप्प व्हायचा.

इ.स.पू. ४६४ च्या सुमारास स्पार्टात मोठा भूकंप झाला. ती संधी साधून हेलॉट उठले आणि इथोमे डोंगरावर ठाण मांडून कित्येक वर्षं लढले. शेवटी तह झाला : पेलोपोनीज सोडून जा, परत पाऊल टाकलंत तर गुलाम व्हाल. बायकामुलांसह ते बाहेर पडले. अथेन्सने त्यांना कोरिंथच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर, नाफ्पाक्तोस बंदरात वसवलं.

त्यांची बोली डोरिक, स्पार्टाच्या लोकांसारखीच. इ.स.पू. ४२५ मध्ये अथेन्सने मेसेनियाच्या किनाऱ्यावरचं पायलॉस घेतलं, तेव्हा नाफ्पाक्तोसचे मेसेनियन तिथे येऊन स्पार्टाच्या मुलखावर छापे घालू लागले. बोली एकच असल्याने ते शत्रूला फार जड गेले, असं थ्युसिडिडीजने लिहून ठेवलं आहे. पुढे अथेन्स हरलं आणि नाफ्पाक्तोसही सुटलं. कुणी सिसिलीला गेले, कुणी थेट आफ्रिकेत, लिबियाच्या किनाऱ्यावर.

इ.स.पू. ३७१ मध्ये थीब्सच्या एपामिनोंडासने ल्यूक्ट्राच्या लढाईत स्पार्टाचं कंबरडं मोडलं. दोन वर्षांनी त्याने इथोमेच्या पायथ्याशी मेसीनी हे नवं शहर वसवलं आणि पांगलेल्या मेसेनियनांना निरोप धाडले. इटली, सिसिली, लिबियातून माणसं परतली. शहराभोवतीचा सुमारे ९ किलोमीटरचा दगडी तट आजही बऱ्याच ठिकाणी उभा आहे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक पॉसेनियस म्हणतो, की जवळजवळ तीनशे वर्षं बाहेर भटकूनही या लोकांनी आपले रीतिरिवाज सोडले नाहीत, डोरिक बोलीही सोडली नाही. उलट, पेलोपोनीजमधली सर्वांत शुद्ध डोरिक त्यांच्याच तोंडी आहे. तो लिहीत होता ते परतीनंतर पाचशे वर्षांनी, त्यामुळे त्यात थोडा अभिमानाचा रंग असणारच. शिवाय सगळे मेसेनियन गेले नव्हते. बरेचसे मागे राहून हेलॉट म्हणूनच जगले, आणि नवं शहर त्यांचंही होतं.

आपली तुलना त्यांच्याशी सरळ होत नाही. आपल्याला कुणी हाकललं नाही. विमानाचं तिकीट आपणच काढलं. पण म्हणूनच मला हा प्रांत महत्त्वाचा वाटतो. त्यांना परतीची वाट बंद होती, तरी बोली टिकली. आपली वाट उघडी आहे, रोज फोनवर आजी दिसते, आणि तरीही मुलं तिच्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात. बोली टिकवायला गाव हाताशी असावं लागत नाही; घरात ती रोज लागावी लागते, भांडायला, हट्ट करायला, चिडवायला. नाफ्पाक्तोसच्या आयांनी त्यासाठी काही वेगळे वर्ग काढले नसणार.

यंदा फराळ करताना मुलांना हाताशी घ्या, आणि चकली मोडली तर ती का मोडली याचा वाद मराठीतच घाला. शुभ दीपावली!