मेपल स्ट्रीटवरचे राक्षस कोण?

१/ ४ मार्च १९६० रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेचा ‘द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट’ हा भाग प्रथम दाखवला गेला. प्रत्येक भागात नवी कथा, नवी पात्रे, अशी ही विज्ञान-कल्पितांची मालिका. हा भाग म्हणजे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेचे रूपक, असे आज सर्रास सांगितले जाते. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आणि त्या अपुरेपणामुळे खरे दोषी नजरेआड होतात.

२/ कथा साधी आहे. एका शांत वस्तीवरून आकाशात काहीतरी लखलखत जाते. वीज, दूरध्वनी, मोटारी, सारे बंद पडते. टॉमी नावाचा मुलगा वाचलेली गोष्ट सांगतो: परग्रहवासी आधी माणसांसारखेच दिसणारे एक कुटुंब पुढे पाठवतात. मोठी माणसे हसतात. तेवढ्यात लेस गुडमनची गाडी आपोआप सुरू होते आणि हसू विरते.

३/ मग ‘पुरावे’ जमू लागतात. गुडमन रात्री आकाशाकडे पाहत उभा असतो. वास्तविक त्याला निद्रानाश आहे. स्टीव्हच्या घरात कोणी न पाहिलेला रेडिओसंच आहे. अंधारातून एक आकृती येते आणि चार्ली गोळी झाडतो. मरतो तो शेजारचाच पीट व्हॅन हॉर्न. दुसऱ्या गल्लीत वीज आहे का, हे पाहायला गेलेला.

४/ आता तारखा पाहू. सिनेटने मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव २ डिसेंबर १९५४ रोजी संमत केला. २ मे १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे हा भाग आला तेव्हा ते जाऊन जवळपास तीन वर्षे लोटली होती. माणूस गेला, तरी संशयाची सवय का उरली, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

५/ लेखक रॉड सर्लिंग यांना प्रायोजकांच्या भीतीचा अनुभव होता. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. त्यावरून सुचलेले त्यांचे नाटक १९५६ मध्ये दूरचित्रवाणीवर आले, ते घटनास्थळ न्यू इंग्लंडला हलवून. १९५८ च्या दुसऱ्या प्रयत्नात कथा एकोणिसाव्या शतकात ढकलली गेली आणि बळी मेक्सिकन झाला.

६/ सप्टेंबर १९५९ मध्ये माइक वॉलेस यांना दिलेल्या मुलाखतीत सर्लिंग यांनी सांगितले, की नव्या मालिकेत ते चालू सामाजिक प्रश्नांना हात घालणार नाहीत. सहा महिन्यांच्या आत मेपल स्ट्रीट पडद्यावर आला. परग्रहवासी असले, की प्रायोजकांना धास्ती वाटत नव्हती.

७/ पण प्रायोजकांना धास्ती घालत कोण होते? केवळ वॉशिंग्टन नव्हे. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ ही पुस्तिका निघाली. तीत नभोवाणी-दूरचित्रवाणीतील १५१ जणांची नावे होती. ती सरकारी नव्हती. काढणारे खासगी लोक होते. पुरावा म्हणून दिलेले तपशील असे: कोणत्या सभेला हजेरी, कोणत्या पत्रकावर सही. गुडमनच्या निद्रानाशाच्याच जातीचे.

८/ लॉरेन्स जॉन्सन हा सिराक्यूज शहरातला सुपरमार्केटचा मालक. ‘संशयित’ कलावंतांना काम देणाऱ्या प्रायोजकांना तो दुकानात फलक लावण्याची धमकी देई. जॉन हेन्री फॉक हे निवेदक अशाच मोहिमेचे बळी. १९५७ मध्ये सीबीएसने त्यांना काढले. १९६२ साली ज्युरीने त्यांना ३५ लाख डॉलर भरपाई मंजूर केली. ती रक्कम पुढे बरीच घटली. सिराक्यूज हेच सर्लिंग यांचे जन्मगाव, हा योगायोग बोलका आहे.

९/ आक्षेप येईल, की शेवटी टेकडीवर परग्रहवासी दिसतातच. म्हणजे दोष बाहेरच्यांचा. कथेची ही कच्ची बाजू खरी. तरीही ते केवळ दिवे आणि यंत्रे बंद-चालू करतात. बंदूक चार्लीच्या हातात असते आणि दगड शेजारी उचलतात.

१०/ एखाद्या भयग्रस्त कालखंडाला एका माणसाचे नाव दिले, की त्याच्याबरोबर तो काळही संपला, असे मानता येते. मेपल स्ट्रीटवर ती सोय नाही. तिथे ना सिनेटर येतो, ना पोलीस. शेवटी चार्लीच्याच घरातले दिवे लागतात, जमाव त्याच्यावर उलटतो, आणि स्वतः वाचण्यासाठी तो बोट दाखवतो ते टॉमीकडे.