रांगेतली माणसे

मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न मराठी पडद्यावर विचारला गेला त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. रामदास फुटाणे हे चित्रकलेचे शिक्षक. त्यांनी पैशांची जुळवाजुळव केली, विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि दौंडमध्ये लहान मुलांचा दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरने, जब्बार पटेल यांनी, आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. ‘सामना’ १९७५ साली बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात जाऊन आला, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अशा चित्रपटाच्या सुवर्णमहोत्सवाला सत्कार-सोहळे होणार, शाली पडणार हे ओघाने आलेच. त्या व्यासपीठांवर चित्रपटातल्या साखर कारखानदार हिंदुराव धोंडे पाटलांचे वारसदार मानाच्या खुर्चीत बसलेले दिसले, तर डॉ. जब्बार पटेल यांना त्यात नवल वाटू नये. ही माणसे त्यांनी फार आधी ओळखली होती.

पटेल यांचा जन्म १९४२चा, पंढरपूरचा. शाळा सोलापुरात, डॉक्टरकी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात. याच महाविद्यालयाने मराठी रंगभूमीला श्रीराम लागू दिले, मोहन आगाशे दिले. एका वैद्यकीय महाविद्यालयाचे नाट्यशास्त्रातले हे योगदान कुठल्याही मूल्यांकनात धरले जात नसावे. पुढे ‘पीडीए’, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. तिथे तेंडुलकरांचे ‘अशी पाखरे येती’ त्यांनी बसवले. ते हलके, हळवे नाटक होते. ते बसवणारा माणूस दोनच वर्षांत काय घेऊन येणार आहे, याची चाहूल त्यात शोधूनही सापडत नाही.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात तेंडुलकरांच्याच ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाना फडणवीसांची आणि ब्राह्मणांची बदनामी केल्याचा आरोप, १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवणे, कलावंतांनी बाहेर पडून ‘थिएटर अकॅडमी’ काढणे, १९८०चा युरोप दौरा आणि त्याआधीचा गदारोळ, हे सगळे पुष्कळदा सांगून झाले आहे. या वादाच्या धुरळ्यात रंगमंचावर प्रत्यक्ष काय घडत होते, ते मात्र मागे पडते. तिथे नेपथ्य म्हणावे असे फारसे नव्हते. माणसांची एक रांग होती. ती गात होती, डुलत होती. प्रेक्षकांकडे पाठ फिरवली की तिची भिंत व्हायची. ती फुटली की दरबार दिसायचा, पुन्हा मिटली की आत काय चालले आहे ते झाकले जायचे. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांच्या आधाराने पटेल यांनी कीर्तन, लावणी, खेळे, दशावतार हे सगळे त्या रांगेच्या अंगात भिनवले. कोतवाल घाशीराम होता, हुकूम नानांचा होता, पण राज्य चालत होते ते या रांगेच्या डोळेझाकीवर. रात्री कलावंतिणींच्या बावनखणीत जाणारी तीच, सकाळी हरिनाम घेणारीही तीच आणि शेवटी घाशीरामाला ठेचणारीही तीच.

दिग्दर्शक म्हणून जब्बार पटेल यांची खरी कमाई इथे आहे, असे आम्हाला वाटते. सत्ता एका माणसात नसते, ती त्याच्या मागे-पुढे उभ्या राहणाऱ्यांत असते. हे लेखकाला वाक्यात लिहिता येते, दिग्दर्शकाला ते उभे करून दाखवावे लागते. पटेल यांचे नाव तेंडुलकरांना जोडून घेतले जाते आणि संहितेचे श्रेय मोठे आहेच. पण भिंत कधी फुटावी आणि कधी मिटावी, हा हिशेब तालमीत होतो.

‘सामना’त तीच भिंत गावभर पसरलेली आहे. निळू फुले यांचा हिंदुराव हा मिशा पिळणारा खलनायक नाही. त्याने साखर कारखाना उभा केला, गावाचा कायापालट केला, त्याचा त्याला सार्थ अभिमान आहे. वाट चुकल्यासारखा गावात येऊन पडलेला दारुडा, मोडलेला गांधीवादी मास्तर तो कौतुकाने वाड्यावर नेतो आणि आपला पसारा त्याला हौसेने दाखवतो. लागूंचा मास्तर काही भाषण ठोकत नाही. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल तो विचारत राहतो, एवढेच. खरी गोष्ट गावाला माहीत असते, म्हणून गाव गप्प असते. सहकाराने खेड्यात पैसा आणला, आत्मविश्वास आणला आणि त्याच पैशातून मिंधेपणही आणले. या दोन्ही गोष्टी एकाच पात्रात आणि एकाच गावात दाखवणारा दुसरा मराठी चित्रपट पटकन आठवत नाही. हिंदुरावाचा राग येण्याआधी तो आवडू लागतो, ही त्यातली पटेल यांची खेळी.

नंतरच्या सात-आठ वर्षांत त्यांनी जे केले, त्याचा वेग आज अविश्वसनीय वाटतो. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा ‘जैत रे जैत’ १९७७चा. ठाकरवाडीची ती गोष्ट त्यांनी ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांच्या खांद्यावर दिली. पुलंनी ब्रेख्तवरून रचलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ साली रंगमंचावर आला आणि १९७९ साली ‘सिंहासन’. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. त्यातला मुख्यमंत्री अरुण सरनाईकांनी ज्या थकलेल्या, सावध बेरकीपणाने केला, त्याला तोड नाही. चित्रीकरणाला मंत्रालय खुले करून दिले ते तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांनी. सत्तेचे वाभाडे काढणाऱ्या चित्रपटाला सत्तेनेच आपले दालन द्यावे, यात दिलदारी किती आणि आत्मविश्वास किती, ते ज्याचे त्याने ठरवावे. इथली रांग सोवळ्यातली नाही, खादीतली आहे. ती फोनवर कुजबुजते, बंगल्याबाहेर ताटकळते आणि वारा पाहून कूस बदलते.

‘उंबरठा’ (१९८२) पुन्हा पाहताना स्मिता पाटील यांच्या सुलभाइतक्याच लक्षात राहतात त्या महिला सुधारगृहातल्या बायका. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरचा हा चित्रपट नायिकेचा चित्रपट म्हणून गाजला. पण सुलभाला जे कळत जाते, ते या बायकांच्या चेहऱ्यांवरून. त्यानंतर दहा वर्षांनी आलेला ‘एक होता विदूषक’ चालला नाही. हसवणाऱ्या लक्ष्मीकांत बेर्डेंना गंभीर झालेले पाहायला प्रेक्षक तयार नव्हते. नंतरचा ‘मुक्ता’ हेतूने मोठा, घडणीने बेताचा.

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’बद्दल मात्र थोडे थांबून बोलायला हवे. मामुट्टी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा हा चित्रपट अभ्यासाच्या बाजूने चोख आहे आणि तो करायला एवढी दशके लागावीत हा आपल्या चित्रसृष्टीचा कमीपणा आहे. तरी ‘सामना’ आणि ‘घाशीराम’ करणाऱ्या दिग्दर्शकाची तिरकी नजर त्यात दबलेली आहे. आदराने कॅमेरा सरळ उभा राहिला. नंतरच्या यशवंतराव चव्हाणांवरच्या चित्रपटातही तेच झाले. चरित्रपटात मागच्या माणसांना फारसे काम उरत नाही आणि पटेल यांचे सगळे सामर्थ्य त्या मागच्या माणसांत. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ दिला. त्यातून शिकलेली मुले आज चित्रपट करत आहेत. पण त्या वर्षांतले काही चित्रपट त्यांच्याकडून राहून गेले, ही हळहळ आहेच.

आज राजकारणावरचे मराठी चित्रपट कमी येतात असे नाही. नेत्यांचे चरित्रपट निवडणुकीच्या तोंडावर येतात, घोषणांच्या गजरात नायक पायऱ्या चढतो आणि मागे एकाच रंगाचे फेटे बांधलेली शे-दोनशे माणसे हात वर करून उभी असतात. त्यांतल्या कोणाला नाव नसते, कोणी कोणाकडे बघत नाही, कोणी काही लपवत नाही. त्यांच्यात एखादा मारुती कांबळे असायचा, तो आज नाही, हे विचारायला पटकथेत मास्तर लागतो. आणि त्या मास्तरवर पैसे लावायला चित्रकलेचा एखादा शिक्षक.