ज्वारी, ऊस आणि ज्ञानाच्या भिंती

सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ साली सुरू झाले. उतारास आडवी मशागत, बांधबंदिस्ती, जमिनीतील ओल टिकविणे यांचे शास्त्र तेथे सिद्ध झाले. मोहोळच्या केंद्राने दिलेले मालदांडी ३५-१ हे ज्वारीचे वाण आजही पेरले जाते. तरीही १९७२ साली जिल्ह्याला खडी फोडावी लागली!

पुढे १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले. अभियंत्याने पाणी अडविले, पीकशास्त्रज्ञाने ज्वारी सुधारली. पाणी कोणाला व किती, हे मात्र साखर कारखानदारीने ठरविले. उसाला कायद्याने बांधलेला भाव व दाराशी गिऱ्हाईक. ज्वारीची आधारभूत किंमत जाहीर होते, खरेदीची खात्री नसते. शेतकरी उसाकडे वळला, यात त्याचा अविवेक कोणता?

या भिंती एकदा पडल्या होत्या. १९७७च्या रोजगार हमी कायद्याने मजुराचा कामाचा हक्क आणि मृदसंधारण यांची सांगड घातली. ती कोणा एका शास्त्राची करामत नव्हती, वि. स. पागे यांच्या कल्पनेमागे दुष्काळग्रस्तांच्या चळवळीचा रेटा होता. त्याच रेट्याने आता पाणीवाटप, ज्वारीची सरकारी खरेदी आणि रेशनवरील ज्वारी हा एकच प्रश्न म्हणून मांडावयास हवा. आणि तो उजनीच्या कालव्याच्या पाळ्या ठरण्यापूर्वी.