बैलाची डोप टेस्ट: घोड्याचे आकडे कॉपी-पेस्ट करून चालेल का?

सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये बंद केलेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या. १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदाही वैध ठरवला. मी नवी मुंबईत राहतो. इथून पनवेल-उरणकडे गेलं की शर्यतींचे बॅनर दिसतात. बक्षिसं मोठी झाली की औषधाचा मोहही वाढतो, मग पकडायचं कसं?

जनावराला हानिकारक औषध देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शर्यतीआधी पशुवैद्यकाचा फिटनेस दाखलाही लागतो. पण गंमत बघा: वेदनाशामक टोचलेला बैल लंगडतच नाही! तपासणीत तो ठणठणीत दिसतो आणि दुखऱ्या पायावर पळून तो पाय कायमचा गमावू शकतो.

परदेशात घोडा दुचाकी गाडी ओढत पळतो, ती हार्नेस रेसिंग. तिथे रक्त आणि लघवीचे नमुने घेतात, दोन भागांत सील करतात. पहिल्या भागात काही सापडलं तर दुसरा भाग पुन्हा तपासता येतो. मास स्पेक्ट्रोमीटर हे मशीन रेणूंचं वस्तुमान मोजून औषध ओळखतं. पण ते प्रामुख्याने माहितीतल्या औषधांशी ताडून पाहतं, म्हणजे थोडंफार अँटीव्हायरससारखं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेत दोन डझनांहून जास्त लोकांवर आरोप ठेवले गेले. त्यातला पशुवैद्यक सेथ फिशमन टेस्टमध्ये न सापडणारी औषधं बनवून विकायचा. २०२२ मध्ये त्याला ११ वर्षांची शिक्षा झाली.

दुसरी युक्ती अगदी घरगुती आहे, खायचा सोडा. पळताना स्नायूंत साचणारं आम्ल तो मारतो, म्हणून काही जण नळीने घोड्याच्या पोटात सोड्याचं पाणी सोडतात. सोडा शरीरात एरवीही असतोच. त्यामुळे इथे 'सापडला की दोषी' चालत नाही, मर्यादा ठरवावी लागते. घोड्यासाठी ती लिटरमागे साधारण ३६ मिलीमोल कार्बन डायऑक्साइड अशी आहे.

हाच आकडा बैलाला लावायचा का? नाही. बैल रवंथ करतो, त्याच्या लाळेतच भरपूर बायकार्बोनेट असतं. औषधंही त्याच्या पोटात वेगळ्या पद्धतीने मोडतात. दुसऱ्याचा कोड न वाचता कॉपी केला की तो नेमका प्रॉडक्शनमध्ये फुटतो. इथे फुटला तर निर्दोष गाडामालक अडकेल आणि खरा लबाड सुटेल.

म्हणून माझ्या मते आधी औषध न दिलेल्या बैलांचे नमुने घेऊन आपल्या मर्यादा ठरवायला हव्यात. मग प्रत्येक शर्यतीनंतर विजेत्या जोडीचा आणि चिठ्ठी टाकून निवडलेल्या एखाद्या जोडीचा नमुना घ्यावा. शर्यत टिकवायची असेल, तर एवढा खर्च बक्षिसाच्या रकमेतूनच काढायला काय हरकत आहे?