उन्हाचा कारभारी

दिवाळीच्या सुट्टीत घराला कुलूप लावून बाहेर पडायचे, ही शहरातल्या कुटुंबांची रीत आता जुनी झाली. हल्ली काही हौशी मंडळी घरच बरोबर घेऊन निघतात. जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, मागची बाके काढून तिथे बिछाना, छोटा ओटा आणि फ्रीज बसवायचा, आणि छपरावर सोलरच्या प्लेटा टाकायच्या. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले. गाडीतला असा बदल आर.टी.ओ.च्या मंजुरीवाचून करता येत नाही, एवढे मात्र आधीच सांगून ठेवतो.

आमच्या आजऱ्यात एक निवृत्त गुरुजी सध्या याच खटपटीत आहेत. रामतीर्थाच्या पलीकडे फारसे न हललेल्या आपल्या पत्नीला आंबोलीमार्गे कोकण दाखवावे, हा त्यांचा बेत. बिछाना झाला, फ्रीज आला, प्लेटा आल्या. आणि सगळे घोडे अडले ते चार्ज कंट्रोलर नावाच्या एका लहानशा डबीपाशी. "काही शेकड्यांत डबी मिळते, तर हजारो रुपये कशाला ओतायचे?" हा गुरुजींचा सवाल. "अण्णा, त्या फ्रीजमध्ये आईचं इन्शुलिन असणार आहे," हे मुलाचे उत्तर.

वाचकहो, आता ही डबी करते काय? घरात जसा कारभारी, तशी ती प्लेट आणि बॅटरी यांच्या मध्ये बसते. बॅटरी भरत आली की हात आखडता घेते, नाहीतर जादा भरणीने बॅटरी बाद होईल. हे काम स्वस्त आणि महाग दोन्ही डब्या करतात. फरक आहे तो व्यवहाराचा.

१०० वॅटची लहान प्लेट भर उन्हात सुमारे १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देते. पण बॅटरी असते १३ व्होल्टच्या आसपास. स्वस्तातला कंट्रोलर, ज्याला 'पीडब्ल्यूएम' म्हणतात, तो प्लेटेला बॅटरीच्या पातळीवर खाली ओढतो. साडेपाच गुणिले तेरा, म्हणजे पदरात पडले ७१-७२ वॅट. शंभराची नोट द्यायची, बहात्तरचा माल घ्यायचा आणि सुटे न मागता दुकानाची पायरी उतरायची, तसलाच हा प्रकार! महागडा 'एमपीपीटी' कंट्रोलर त्या नोटेची मोड करून देतो. जादा व्होल्टेजच्या बदल्यात अँपिअर वाढवतो आणि स्वतःची चार-पाच रुपयांची दलाली कापून ९५ आपल्या हातावर ठेवतो.

पण गुरुजींचीही बाजू अगदीच लंगडी नाही. प्लेट तापली की तिचा व्होल्टेज उतरतो; आणि गाडीचे छप्पर दुपारी तव्यासारखे तापते. तेव्हा मोड करून घ्यायला मुळात थोडेच उरते आणि दोहोंतला फरक दहा-पंधरा टक्क्यांवर येतो. एखादा दिवा आणि मोबाइल एवढाच संसार असेल, तर स्वस्तातली डबी खुशाल घ्यावी.

घराच्या छपरावरची मोठी प्लेट गाडीवर चढवणाऱ्याने मात्र हा विचार करू नये. तिचा व्होल्टेज चाळिसाच्या घरात. तिथे पीडब्ल्यूएम निम्म्याहून अधिक वीज वाया घालवील. शिवाय अशा दोन प्लेटा ओळीने जोडताना कंट्रोलरची कमाल मर्यादा पाहावी. मोकळ्या प्लेटेचा आकडा ४९ व्होल्ट असेल, तर दोहोंचे झाले ९८. मर्यादा १०० ची, म्हणजे भागले, असे वाटते. पण तो आकडा २५ अंश तापमानाचा. थंडीत व्होल्टेज चढतो. आंबोलीच्या एखाद्या दहा अंशांच्या पहाटे तो शंभरी ओलांडील आणि कारभारी जळून जाईल.

दुसरी खबरदारी नावाची. बाजारात वरती 'एमपीपीटी' छापलेल्या आणि आत पीडब्ल्यूएम असलेल्या डब्या सर्रास मिळतात. खऱ्या यंत्रात तारेचे वेटोळे असते, त्यामुळे ते हाताला जड लागते. तळहाताएवढी, हलकी नि स्वस्त डबी दिसली, की पाटीवर विश्वास ठेवू नये. बॅटरी शिशाची की लिथियमची, तेही डबीला सांगता आले पाहिजे. दोघींचे पथ्य निराळे.

मुलाने शेवटी वहीच मांडली. फ्रीजला दिवसाकाठी ४०० वॅट-तास, पंखा-दिव्यांना २००, एकूण ६००. दोन प्लेटा मिळून २०० वॅट. पाच तासांचे चांगले ऊन धरले तर हजार. त्यातून धूळ, उष्णता आणि आडवे छप्पर यांची वजावट करून एमपीपीटीवर उरतात ७००, पीडब्ल्यूएमवर जेमतेम ६००. न उघडलेले इन्शुलिन दोन ते आठ अंशांत राहायला हवे. एका ढगाळ दुपारी हिशेब तुटला, तर काय? गुरुजींनी वही दोनदा तपासली आणि म्हणाले, "मग ते वरचे शंभर तुझ्या आईच्या खात्यावर लिही." २०० भागिले १२ म्हणजे सुमारे १७ अँपिअर, म्हणून २० अँपिअरचा एमपीपीटी ठरला.

आजऱ्याच्या पावसाळ्यात मात्र कसलाही कारभारी ऊन निर्माण करणार नाही. त्या दिवसांत इंजिन चालू असताना बॅटरी भरण्याची सोय निराळी ठेवावी. आणि जोडणी करताना आधी बॅटरी, मग प्लेट. बॅटरीच्या तोंडाशीच फ्यूज. एवढे केलेत, की घाटात मुक्काम पडला तरी रात्री फ्रीजची मंद घरघर ऐकत घरातली माणसे निर्धास्त झोपतील.