विश्लेषण : पिंपामागे लपलेला दिसतो की नाही? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील स्टेल्थच्या नियमाचा वाद काय आहे?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका २०१६ मध्ये आली, तेव्हा पहिल्याच भागात तळघरात बसून फासे टाकणारी चार मुले दिसली. त्यांचा तो खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ऊर्फ डी अँड डी. त्याला पन्नास वर्षे उलटून गेली, २०२४ मध्ये नियमपुस्तक पुन्हा लिहिले गेले, तरी एक वाद मिटलेला नाही. लढाई सुरू असताना एखादे पात्र लपले, तर ते लपलेले राहते कधीपर्यंत?

हा खेळ चालतो कसा?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो. एक जण डंजन मास्टर होतो. तो गोष्ट सांगतो, राक्षसांच्या बाजूने लढतो आणि नियमांचा निवाडाही तोच करतो. पात्राने काही अवघड करायचे ठरवले की वीस बाजूंचा फासा टाकायचा, पात्राच्या कौशल्याचे गुण त्यात मिळवायचे आणि ठरलेला आकडा गाठला का ते पाहायचे. लढाईतली एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद.

लपण्यात सर्वात तरबेज पात्राला ‘रोग’ म्हणतात. (आजाराशी संबंध नाही, हा इंग्रजीतला भामटा.) १९७५ च्या पुरवणीत तो ‘थीफ’ म्हणून आला. तेव्हा सावलीत लपणे आणि आवाज न करता चालणे ही दोन वेगळी कौशल्ये होती. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ती ‘स्टेल्थ’ या एकाच नावाखाली आली.

वाद एवढा तापतो का?

कारण लपण्यावर रोगची निम्मी ताकद उभी आहे. लपाछपीत राज्य असलेल्याच्या पाठीत धप्पा घातला की त्याच्यावर पुन्हा राज्य येते. रोगचा ‘स्नीक अटॅक’ हा तसाच धप्पा आहे. शत्रूला न दिसता हल्ला केला, तर फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. याला ‘अॅडव्हांटेज’ म्हणतात. ते मिळाले की स्नीक अटॅकचे जादा नुकसानही करता येते.

आकड्यांत पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. २०१४ च्या पुस्तकातला साधा गॉब्लिन घ्या. त्याचे चिलखत १५, प्राण ७. पहिल्या पातळीवरच्या, चपळाईचे ३ गुण असलेल्या रोगचा बाण त्याला लागण्याची शक्यता ५५ टक्के. लपून मारला तर सुमारे ८० टक्के. लागलेल्या साध्या बाणाने गॉब्लिन मरण्याची शक्यता निम्मी, तर स्नीक अटॅक जोडला की ती ९० टक्क्यांच्या वर जाते. दोन्ही एकत्र धरले तर उघड्यावरून मारलेला बाण ढोबळमानाने चारांत एकदाच जीव घेतो आणि लपून मारलेला चारांत जवळपास तीनदा. ‘तू दिसलास’ हे डंजन मास्टरचे दोन शब्द एवढे महाग पडतात.

त्यातही खरी गोम अशी, की निवाडा देणारा स्वतःच प्रतिस्पर्धी असतो. गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाऱ्या संघाचाच मुलगा अंपायर असतो आणि पायचीत कधीच दिले जात नाही, तसे हे. डंजन मास्टर कितीही प्रामाणिक असला, तरी त्याचा गॉब्लिन मरणार असताना त्याने ‘दिसलास’ म्हटले की समोरच्याच्या मनात पाल चुकचुकतेच.

२०१४ चा नियम काय होता?

थोडा विस्कळीत, पण समजूतदार. लपणाऱ्याने स्टेल्थचा फासा टाकायचा. शत्रू मुद्दाम शोधत नसेल, तर त्याच्या ‘पॅसिव्ह परसेप्शन’शी, म्हणजे सहज सावधपणाच्या आकड्याशी, तुलना करायची. गॉब्लिनचा हा आकडा फक्त ९, तर प्रौढ लाल ड्रॅगनचा २३. म्हणजे लपणे किती कठीण, हे कोणापासून लपायचे यावर ठरत होते.

सुरुवातीला नियम असा होता, की ज्याला तुम्ही दिसता त्याच्यापासून लपता येत नाही. नंतरच्या दुरुस्तीत ‘स्पष्ट दिसता’ असा बदल झाला आणि लपण्याजोगी परिस्थिती आहे का, हे डंजन मास्टर ठरवेल, असेही लिहिले गेले. लढाईत सगळे सावध असतात, त्यामुळे आडोसा सोडून पुढे आलेला बहुधा दिसतोच; पण शत्रूचे लक्ष दुसरीकडे असेल तर मास्टर सूट देऊ शकतो, अशीही सोय होती. तक्रार एवढीच, की ही माहिती पुस्तकात वेगवेगळ्या ठिकाणी विखुरली होती. प्रत्येक टेबलावर वेगळा नियम, अशी अवस्था झाली ती त्यामुळेच.

२०२४ मध्ये काय बदलले?

विखुरलेले एकत्र आणले गेले. आता लपायला दाट धुके वा मिट्ट काळोख हवा, नाही तर किमान पाऊण आडोसा. शिवाय कोणत्याही शत्रूच्या दृष्टिरेषेत असता कामा नये. स्टेल्थच्या फाशात १५ गाठायचे. ते जमले की पात्राला ‘इनव्हिजिबल’ ही अवस्था मिळते आणि फाशाची बेरीज लिहून ठेवायची. शोधणाऱ्याला परसेप्शनमध्ये ती गाठावी लागते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ल्याचा फासा टाकला, तोंडाने म्हणायचा मंत्र टाकला किंवा शत्रूने ‘शोधून काढले’, की अवस्था संपते.

वाचायला सोपे, पण अडचणी दोन झाल्या. पहिली, १५ हा आकडा सगळ्यांना सारखा. पेंगुळलेल्या पहारेकऱ्यासमोर आणि ड्रॅगनसमोर लपण्याची पहिली पायरी एकच. स्टेल्थमध्ये ७ गुण असलेल्या रोगला गॉब्लिनपासून लपणे पूर्वी जवळपास हमखास जमत असे. आता ते ६५ टक्के वेळाच जमते.

दुसरी अडचण मोठी. ‘इनव्हिजिबल’ हा शब्द जादूने अदृश्य झालेल्यालाही लागतो. मग रोग पिंपामागून निघून उजेडात, वीस फूट मोकळ्या फरशीवरून चालत गॉब्लिनसमोर उभा राहिला तर? त्याने आवाज केला नाही, हल्ला केला नाही. गॉब्लिनने शोधण्यासाठी आपली कृती खर्च करून फासाही टाकला नाही. अक्षरशः वाचणारा म्हणतो, तो अजून अदृश्य आहे. अशा वाचनात पिंप हे एकदा शिवून यायचे ठिकाण उरते. शिवला की साऱ्या मैदानात मोकळीक.

हे वाचन चुकीचे आहे. ‘शोधून काढणे’ म्हणजे केवळ फासा टाकणे, असे पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. डोळ्यांसमोर उभा असलेला माणूस शोधावा लागत नाही, तो सापडलेलाच असतो. लपताना दृष्टिरेषेबाहेर असण्याची अट घालणारा नियम पुढच्याच क्षणी ती अट निरर्थक ठरवेल, हे पटण्यासारखे नाही.

म्हणजे बाहेर पाऊल टाकले की संपले?

तसेही नाही, आणि कडक डंजन मास्टर इथेच चुकतात. पिंपाआडून डोके काढल्याशिवाय बाण मारता येत नाही. डोके काढले म्हणजे दिसला, असे म्हटले तर लपण्याला काहीच अर्थ राहत नाही. न दिसलेल्या हल्लेखोराला मिळणारा लाभ त्या एका क्षणासाठीच आहे. हल्ला लागो वा चुको, त्यानंतर जागा उघड होते, हे दोन्ही आवृत्त्यांत सारखेच.

दरवेळी त्याच पिंपामागे लपले तर? दुसऱ्या पातळीपासून रोगला हल्ल्यासोबत बोनस अॅक्शनमध्ये लपता येते, म्हणजे दर फेरीला बाण आणि बुडी. अनेकांना ही फसवणूक वाटते. पण गॉब्लिनला रोग पिंपामागे आहे हे ठाऊक असणे वेगळे आणि डोके नेमके कधी वर येईल हे ठाऊक असणे वेगळे. त्यातून समोर तलवार घेऊन दुसरा कोणी उभा असेल, तर त्याने पिंपाकडे टक लावून बसावे अशी अपेक्षा कशी करायची? उपाय नियमात नाही, गॉब्लिनच्या पायांत आहे. त्याने पिंपाला वळसा घातला की आडोसाच संपतो. शिवाय रोगचा साथीदार त्या गॉब्लिनपासून पाच फुटांच्या आत असला, तर स्नीक अटॅक न लपताही मिळतो. २०२४ च्या पुस्तकात तिसऱ्या पातळीवर जागचे न हलता नेम धरूनही अॅडव्हांटेज घेता येते. तेव्हा लपू दिल्याने खेळाचा तोल ढळतो, ही भीती फारशी खरी नाही.

संगणकाला हा प्रश्न का पडत नाही?

याच नियमांवर बेतलेल्या ‘बॉल्डर्स गेट ३’ या २०२३ च्या व्हिडीओ गेममध्ये शत्रूच्या नजरेचा लाल पट्टा जमिनीवर दिसतो. त्यात पाऊल पडले की धोका. टेबलावर मात्र कोण कुठल्या दिशेला पाहतो, याचा नेहमीचा नियमच नाही. २०१४ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकात तो पर्यायी म्हणून होता, पण प्रत्येक पात्राची दिशा दर फेरीला नोंदवत बसण्याचा सोस कोण करणार?

मग टेबलावर काय करावे?

फासा टाकण्याआधी एकच प्रश्न विचारावा : शत्रू या सहा सेकंदांत कशात गुंतला आहे? तो समोरच्याशी झुंजत असेल, तर एका आडोशातून निघून त्याच फेरीत त्याच्यावर झडप घालणाऱ्याला अॅडव्हांटेज द्यावा. तो मोकळा असेल आणि त्याच दिशेला पाहत असेल, तर ‘दिसलास’ म्हणावे, पण हे पाऊल टाकण्याआधी सांगावे. खेळाडू निर्णय बदलू शकेल एवढी संधी त्याला मिळायला हवी. बहुतेक भांडणे निर्णयावरून होत नाहीत, तो उशिरा कळल्यावरून होतात.

आणि जो अर्थ लावला, तो राक्षसांनाही लावावा. २०१४ च्या स्टार्टर सेटमधली मोहीम रस्त्यात पडलेल्या दोन मेलेल्या घोड्यांपासून सुरू होते. दोन्ही बाजूंच्या झाडीत चार गॉब्लिन दडलेले असतात. त्यांनाही रोगसारखेच बोनस अॅक्शनमध्ये लपता येते आणि स्टेल्थमध्ये त्यांना ६ गुण आहेत. झाडीतून बाण मारून पुन्हा झाडीत शिरणाऱ्या गॉब्लिनला डंजन मास्टर दर फेरीला अॅडव्हांटेज देत असेल, तर पिंपामागच्या रोगला तो नाकारण्याचे कारण त्याच्यापाशी उरत नाही.